मनोहरनं लपवलेलं नाव

मनोहर गेल्याची बातमी मला नववीच्या वर्गावर शिकवत असताना कळली. शाळेचा शिपाई दाराशी येऊन उभा राहिला. एरवी तो सरळ आत येऊन टेबलावर कागद ठेवतो, त्या दिवशी आला नाही, तेव्हा मीच खडू ठेवून दाराशी गेलो. "डॉक्टर गेले," एवढंच तो म्हणाला. मंगरूळपीरात आता चांगले चार-पाच डॉक्टर झालेत, पण नुसतं 'डॉक्टर' म्हटलं की मनोहर, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. धनजला आपल्या शेतावर तूर पाहायला गेला होता. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर जरा टेकला, तो पुन्हा उठलाच नाही. हृदय बंद पडलं म्हणाले. मी पोचलो तोवर त्याला घरी आणून ओसरीवर ठेवलं होतं, आणि चपलांना शेतातली काळी माती तशीच होती.

पुढं शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. त्या सभेत सर्वांत जास्त वेळ मी बोललो. बालपणापासूनचा मित्र म्हणून लोकांनी माझ्याकडंच पाहिलं, आणि मीही मन मोकळं केलं. वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या संपादकांनी तेच भाषण लिहून मागितलं, मी हो म्हटलं... पण ते भाषण आता मला लिहून देता येत नाही. त्यात खोटं काहीच नव्हतं. मधल्या काळात मी नागपूरला जाऊन आलो, एवढंच. तेव्हा भाषणात सांगितलेलंही सांगतो आणि जे मला तेव्हा माहीत नव्हतं तेही सांगतो. वाचणाऱ्यांना स्मृतिलेखात असं लिहिणं खटकेल. मलाही खटकतं आहे.

मी आसेगावचा, तो धनजचा. दोघंही हायस्कूलसाठी मंगरूळपीरला आलो तेव्हा एका बाकावर बसलो, कारण दुसऱ्या कुणाला माझ्या शेजारी बसायचं नव्हतं आणि त्याला खिडकी हवी होती. त्यानं मला गणित शिकवलं, मी त्याचे निबंध लिहून दिले. छप्पन्न साली मी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो, तेव्हा तो भेटायला आला आणि सगळं काही विचारून घेतलं, कुठं बसलात, किती लोक होते, काय म्हणायला लावलं. मी बावीस प्रतिज्ञा म्हणून दाखवल्या. तो ऐकत राहिला आणि जाताना म्हणाला, आता तू माझ्यापेक्षा मोकळा झालास. दोन-तीन वर्षांनी माझे वडील वारले. त्या दिवशी हा धनजच्या जमीनदार घरातला मुलगा आसेगावच्या आमच्या वस्तीत आला आणि आमच्यासोबत त्यानं तिरडीला खांदा दिला. त्याच्या घरी ते कळलं तेव्हा त्याचे वडील त्याच्याशी कित्येक दिवस बोलले नाहीत. मनोहरनं हे मला कधी सांगितलं नाही, दुसऱ्यांकडून कळलं. न सांगण्याची सवय त्याला तेव्हापासून असावी, पण त्या वेळी मला ती मोठेपणाची खूण वाटली.

डॉक्टर झाल्यावर नागपूरला राहता आलं असतं, तरी तो मंगरूळपीरला परत आला. त्याच्या दवाखान्यात शाळा सुटल्यावर मी रोज जायचो. लोक त्याला घाबरायचे, कारण तो तोंडावर बोलायचा. एकदा एक सधन शेतकरी कपाळावर चट्टा घेऊन आला होता. सोबत त्याची दोन मोठी मुलं. मुलं मागून डोळ्यांनी खुणा करत होती की काय असेल ते बाहेर आम्हाला सांगा, म्हाताऱ्याला नको. मनोहरनं खुणा पाहिल्या आणि म्हाताऱ्याकडंच तोंड करून सांगितलं की हा कुष्ठरोग आहे, गोळ्या घ्याव्या लागतील, बरेच दिवस घ्याव्या लागतील आणि घेतल्या तर आटोक्यात येईल. मुलं चिडून निघून गेली. म्हातारा मात्र बसून राहिला आणि गोळ्या कशा घ्यायच्या ते त्यानं दोनदा विचारून घेतलं. नंतर मी मनोहरला म्हटलं, जरा सबुरीनं सांगता आलं असतं. तेव्हा तो म्हणाला, "किसन्या, अंग त्याचं हाय. त्याच्या अंगात काय हाय ते साऱ्या घराले माहीत अन् त्यालेच नाही, हा कुठला न्याय?" हा प्रसंग मी शोकसभेत सांगितला. पुष्कळांनी माना डोलावल्या, काहींनी डोळे पुसले.

बहात्तरच्या दुष्काळात माझ्या कमरेवर एक डाग उठला. त्या उन्हाळ्यात आंघोळीला तांब्याभर पाणी मिळायचं, गावात सगळ्यांच्याच अंगाला खाज होती, म्हणून मी लक्ष दिलं नाही. पाऊस झाला, विहिरी भरल्या, सगळ्यांची खाज गेली, माझा डाग राहिला. नंतर मांडीवर एक, पाठीवर दोन. लालसर, कोरडे, वरची कातडी कांद्याच्या सालीसारखी पातळ आणि सुरकुतलेली. मला एकाच रोगाची भीती होती. मनोहरनं डागाला सुई लावून विचारलं, टोचतं का? टोचतं म्हटल्यावर तो हसला, मग कुष्ठरोग नाही म्हणाला, आणि मी त्याच्या टेबलावर डोकं टेकून रडलो. तरी त्यानं कातडीचा एक बारीक तुकडा काढला, औषधाच्या बाटलीत घातला आणि स्वतः नागपूरला नेला. परत आल्यावर म्हणाला, इसब आहे, पण हट्टी आहे. पुढच्या काळात आणखी दोनदा त्यानं तसाच तुकडा काढला आणि दोन्ही वेळा येऊन तेच सांगितलं. मलम लावायचं, सकाळच्या उन्हात उघड्या अंगानं बसायचं. दर दोन-तीन महिन्यांनी तो मला खिडकीशी उभं करून डोक्यापासून पायापर्यंत पाहायचा, मान, काखा, जांघा दाबून पाहायचा. बाजारात बैल पाहतात तसा पाहतोस, अशी मी थट्टा केली तर तो हसायचा नाही. मी म्हणायचो, इसबासाठी एवढं? तो म्हणायचा, मित्राचं इसब आहे.

याच काळात मी बाहेरून एम.ए. केलं आणि औरंगाबादच्या एका कॉलेजातून मला मराठी शिकवण्यासाठी बोलावणं आलं. माझ्या पिढीतल्या शिकलेल्या बौद्ध माणसाला औरंगाबाद म्हणजे काय वाटायचं, ते लिहून सांगणं अवघड आहे. तिथं आमच्यातली माणसं कॉलेजात शिकत होती, शिकवत होती, लिहीत होती, भांडत होती. मला तिथं जायचं होतं. नववी-दहावीच्या पोरांना समास शिकवण्यात मला कमीपणा वाटत नव्हता, पण मला तिथं जायचं होतं. मनोहर तेव्हा रोज संध्याकाळी घरी येऊ लागला. आईचं वय झालं, तिला कोण पाहील. मुली लहान आहेत. तिकडं ओळखीचं कोण आहे. "काहून जातं? इथं काय कमी हाय तुले?" असं तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. माझी बायको सुजाता, जी मला कधी कशाला अडवत नाही, तीही म्हणाली की नका जाऊ. मी नकार कळवला. ते ऐकून मनोहरनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. या माणसाला आपल्याशिवाय करमत नाही, असं मला वाटलं. त्या एका विचारावर मी पुढची वर्षं औरंगाबाद विसरून काढली.

यंदाच्या दिवाळीत पाठीवरचा एक डाग जाड झाला. बोटानं त्याची कड लागायची. मनोहरनं तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, पुढच्या महिन्यात नागपूरला जाऊ, या खेपेला दोघंही जाऊ. मला बरोबर नेण्याची गोष्ट त्यानं कधी काढली नव्हती. बसमध्ये तो मला सांगणार होता का, हे आता कळायचं नाही. तो महिना यायच्या आधीच तो गेला.

मलम संपलं तेव्हा मी एकटाच नागपूरला गेलो. मनोहर मेडिकल कॉलेजातल्या आपल्या एका सरांचं नाव नेहमी आदरानं घ्यायचा, तेच तुकडे तपासतात हे मला ठाऊक होतं. विचारत विचारत त्यांच्या खोलीत पोचलो. मनोहरचं नाव काढताच ते उठून उभे राहिले. "अहो, मंगरूळपीरचे मास्तर तुम्ही!" म्हणाले. त्याच्या जाण्याबद्दल बोलले, चहा मागवला. मग अगदी सहज, जसं कुणी संधिवाताबद्दल विचारावं तसं विचारलं, "बरं, तुमच्या लिम्फोमाला आता किती वर्षं झाली?" मी म्हटलं, कशाला? सरांनी माझ्याकडं पाहिलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्यानं तुम्हाला सांगितलं नाही?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले की आता लपवण्यात अर्थ नाही, तुम्ही शिक्षक आहात, मी शिकवतो तसं सांगतो.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं इथं देतो. आपल्या रक्तात रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांतल्या एका जातीच्या पेशी बेबंद वाढू लागल्या की त्या कॅन्सरला लिम्फोमा म्हणतात. बहुतेक वेळा तो गळ्यातल्या, काखेतल्या गाठींत सुरू होतो. क्वचित कातडीतच सुरू होतो आणि वर्षानुवर्षं कातडीतच राहतो. हे घराणंच निराळं, ते म्हणाले, त्याला गाठींच्या रोगाचे नियम लावून चालत नाही. त्यातल्या माझ्या रोगाला फार जुनं नाव आहे, मायकोसिस फंगॉइडिस. नावात बुरशी आहे, पण रोगात बुरशी नाही. कुणा जुन्या डॉक्टरनं अळंब्यांसारख्या गाठी पाहून नाव ठेवलं, ते आजवर चिकटलं. याच्या पायऱ्या असतात. आधी पातळ डाग, मग जाड चट्टे, मग कातडीवर गाठी. पुष्कळ लोक पहिल्या पायरीवरच म्हातारे होतात आणि दुसऱ्याच कशानं तरी मरतात. सगळी कातडी लाल होऊन त्याच पेशी रक्तातही दिसू लागल्या तर त्याला वेगळं नाव आहे आणि तो वाईट. आणखीही काही प्रकार आहेत, जे सुरू होतानाच गाठी घेऊन येतात. सर म्हणाले की या सगळ्यांना आम्ही पूर्वी नुसतं बाहेरून पाहून वेगळं करत होतो. आता अलीकडं त्या पेशी कुठल्या जातीच्या, टी की बी, हे पाहतात, आणि कातडीतले बरेचसे टी निघतात. पुस्तकं दर दोन-चार वर्षांनी यादी बदलताहेत. मनोहर ती पुस्तकं इथं बसून वाचायचा.

मी विचारलं, त्याला कधी कळलं? सर म्हणाले, पहिल्या तुकड्यावरून मलाच सांगता आलं नव्हतं, इसबासारखंच दिसत होतं. दुसऱ्या वेळी शंका आली. तिसऱ्या वेळी खात्री झाली. तो तिसरा तुकडा कधीचा, हे मला सरांना विचारावं लागलं नाही. औरंगाबादचं बोलावणं आलं, त्याच्या थोडं आधीचा. मनोहरला तेव्हा एकच जाणून घ्यायचं होतं, सर म्हणाले. बाकी काही नाही. "सर, याला कुठं बसवायचं, हळू की जलद?" हळू म्हटल्यावर त्यानं सुस्कारा टाकला आणि म्हणाला, मग सध्या सांगत नाही. सरांना वाटलं, सध्या म्हणजे चार-सहा महिने.

परतीच्या बसमध्ये मला रोगाची भीती वाटली नाही, हे खरं सांगतो. ती नंतर आली. त्या वाटेवर माझ्या डोक्यात त्या म्हाताऱ्याची दोन मुलं होती, जी मागून खुणा करत होती. मनोहरनं त्यांना झिडकारलं होतं. माझ्या वेळी खुणा करणारा तोच झाला आणि दडपणाराही तोच. पहिल्यांदा 'इसब' म्हणाला तेव्हा तो खोटं बोलला नव्हता. मग नेमक्या कोणत्या दिवशी ते खोटं झालं? माझ्या घरी जेवताना? माझ्या मुलीच्या वाढदिवसाला? मी त्याचे सगळे दिवस उलटेपालटे करून पाहत होतो, आणि प्रत्येक दिवशी तो माझ्याकडं बघून हसताना दिसत होता.

घरी आलो तेव्हा दुपार होती. सुजाता अंगणात गहू पाखडत होती. मी उभ्याउभ्याच तिला सांगितलं की मला इसब नाही. तिनं सूप खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि ते नसणं मला आधी दिसलं, तिचं बोलणं नंतर ऐकू आलं. "मले माहीत होतं," ती म्हणाली. मी विचारलं, कधीपासून? "डॉक्टर भाऊजींनं सांगतलं होतं. तुमी औरंगाबादले जाणार होते तवा. म्हणे घरातल्या एकाले तरी माहीत पाह्यजे, नाही तर मलम कोण लावून देईन." मग ती एवढंच म्हणाली, "मी रोज तुमची पाठ पाहत होती. कोणता डाग वाढला, कोणता नाही. कोणाले सांगू?"

मी तिच्यावर ओरडलो नाही. ओरडलो असतो तर बरं झालं असतं. दोन-तीन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. ती एकटी किती वर्षं हे उराशी घेऊन झोपली, ते मला दिसत होतं, आणि तरी राग जात नव्हता. रागाची खरी जागा सापडायला वेळ लागला, ती आता लिहितो. आमच्या आधीच्या पिढ्यांचं काय व्हायचं, ते गावातल्या मोठ्या घरांत ठरायचं. कुणी कुठं राहावं, काय काम करावं, किती शिकावं. ठरल्यावर आम्हाला कळायचं, कधी कळायचंही नाही. ठरवणारे सगळे दुष्ट होते असं नाही, काही मायेनंही ठरवायचे. ते सगळं मी छप्पन्न साली मागं टाकलं असं मला वाटत होतं, आणि मनोहरसमोरच तर मी त्या प्रतिज्ञा म्हटल्या होत्या. मी त्याच्यापेक्षा मोकळा झालो असं तोच म्हणाला होता. त्याच माणसानं माझं आयुष्य हातात घेऊन पाहिलं, हळू की जलद विचारलं, आणि मी औरंगाबादला जायचं नाही हे ठरवलं. मला विचारलं असतं तर मी कदाचित गेलो नसतो. तिथं तपासण्यांची सोय कशी, पैसा कसा, हे मीही मोजलं असतं. कदाचित थोडेच दिवस आहेत म्हणून मुद्दाम गेलो असतो. दोन्हीपैकी काय केलं असतं हे मला आज सांगता येत नाही, कारण तो माणूस, ज्याला हे माहीत होतं आणि ज्यानं निवडायचं होतं, तो कधी झालोच नाही मी.

मनोहरवर माझं प्रेम कमी झालं आहे का, असं मला एका सहकाऱ्यानं विचारलं. नाही झालं. म्हणूनच त्याच्यावर इतकं चिडता येतं. परक्यानं लपवलं असतं तर मी दुसरा डॉक्टर शोधला असता आणि विसरलो असतो. मेलेल्या माणसाशी भांडताना एक अडचण असते, तो उत्तर देत नाही. त्याची सगळी उत्तरं मलाच द्यावी लागतात, आणि मी ती त्याच्या आवाजात, त्याच्या वऱ्हाडीत देतो, फार चांगली देतो... आणि एकही पटत नाही.

गेल्या आठवड्यात सरांनी पुन्हा बोलावलं होतं. पाठीवरच्या जाड डागाचा नवा तुकडा त्यांनी मागच्या भेटीत काढून घेतला होता, त्याचा निकाल होता. या वेळी सुजाता बरोबर आली. सर बाहेर गेले होते, त्यांच्या हाताखालचा एक तरुण डॉक्टर खोलीत होता. त्यानं आमची ओळख करून घेतली, मग माझ्याकडं न पाहता सुजाताला म्हणाला, "बाई, जरा बाहेर येता का?" ती बाकावरून उठली नाही. पदर सावरून म्हणाली, "काय हाय ते त्याहीलेच सांगा. मी अठीच ऐकते." तो पोरगा ओशाळला. तेवढ्यात सर आले, आणि माझ्यासमोर बसून त्यांनी सांगितलं की एक डाग दुसऱ्या पायरीवर गेला आहे, बाकीचे पहिलीवरच आहेत, गाठी कुठंही लागत नाहीत, नवं औषध अंगाला लावायचं आहे आणि दर महिन्याला यायचं आहे. पुढं काय होईल, असं मी विचारलं. माहीत नाही, ते म्हणाले. तेही मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि ऐकून मला हलकं वाटलं.

निघताना मी त्यांना म्हटलं, तो तुकडा मला पाहता येईल का? त्यांनी त्या तुकड्याची काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि खिडकीपाशी एक लाकडी स्टूल ओढलं. मनोहर इथंच बसायचा, ते म्हणाले. मी बसलो. आधी नुसता धूसर गुलाबी रंग दिसला. सरांनी चाक फिरवलं तशी ती माझी कातडी झाली. गुलाबी पट्टा, आणि त्याच्या कडेला जांभळ्या ठिपक्यांची रांग, काही ठिकाणी तीन-चार ठिपके वर चढून घोळका करून बसलेले. हेच ते, सर म्हणाले. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर असेल. फार नेटकं होतं ते. मी डोळा काढला नाही. कुणी मला घाई केली नाही. मागून सुजाता जवळ आली, तिचा हात माझ्या पाठीवर, नेमका त्या डागाच्या वर पडला आणि तिथंच राहिला.

"सरा जरा," ती म्हणाली. "मलेबी पाहू द्या."

मी उठलो, आणि ती त्या स्टुलावर बसली.